सरकारी कैलास

"गोदामात जागाच नसेल, तर आमच्या गराजमध्ये ठेवा हवं तर," असं नीलांबरी वॉल्टरला म्हणून गेली आणि तिथेच सगळं बिघडलं.

हे वाक्य आपल्याकडे कुणी खरं मानत नाही. आपण म्हणायचं, समोरच्याने "छे छे, तुम्हाला कशाला त्रास" म्हणायचं, आपण आणखी एकदा आग्रह करायचा, त्याने आणखी एकदा नको म्हणायचं, आणि मग दोघांनी समाधानाने आपापल्या घरी जायचं. नीलांबरी मिरजेत वाढलेली, तिला ही रीत अंगवळणी पडलेली. तिचा साहेब वॉल्टर मात्र टेक्ससमध्येच जन्मला आणि तिथेच वाढला. तो म्हणाला, "ग्रेट, थँक यू," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ड्राइव्हवेवर ट्रक येऊन उभा राहिला.

ट्रकभर एअर प्युरिफायर होते. त्याचं असं झालं, की कोविड संपून शाळा कधीच्या सुरळीत झाल्या, पण कोविडसाठी वॉशिंग्टनहून आलेले पैसे काही केल्या संपेनात. फ्रिस्कोच्या उत्तरेला असलेल्या त्या छोट्याशा स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कचेरीने, आधी लॅपटॉप घेतले, मग मुलांसाठी शिकवणीचे जादा तास लावले. मग बाकांवर बसवायचे प्लास्टिकचे पडदे मागवले. ते पोचले तेव्हा असे पडदे काढून टाकायचा हुकूम सुटला होता, म्हणून सगळे गोदामात गेले आणि गोदाम भरलं. आता सप्टेंबरअखेर उरलेली रक्कम मार्गी लावली नाही तर ती परत जाणार होती. आपल्याकडे मार्च आला की नगरपालिकेला जशी चांगला रस्ता खणायची सुरसुरी येते, तशी वॉल्टरला आली. त्याने प्युरिफायर मागवले, आणि ते ठेवायचे कुठे याचा विचार ऑर्डर गेल्यानंतर केला.

यात नीलांबरीचा जीव अडकला होता, कारण तिची नोकरीही त्याच पैशातली होती. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात या ग्रँटचे अर्ज आणि हिशेब ती सांभाळायची. सप्टेंबर संपला की ग्रँट संपणार आणि ग्रँटबरोबर नीलांबरीही. व्हिसाच्या कटकटीत कितीतरी वर्षं घरी बसून, शेजारणींच्या बारशांना ढोकळे पुरवून, शेवटी तिला स्वतःचं टेबल मिळालं होतं. टेबलावर तिच्या नावाची पाटी होती आणि ती पाटी ती रोज सकाळी रुमालाने पुसायची. वॉल्टरने सांगून ठेवलं होतं, की राज्याच्या ऑडिटरबाई येऊन समाधानाने परत गेल्या की तुला कायम करून टाकतो.

आता नवऱ्याकडे वळू. रवींद्र आयटीतला. एरवी घरातला बल्ब बदलायचा तर तीन वेळा आठवण करून द्यावी लागे, पण गणपती आले की त्याच्या अंगात यायचं. मंडळाच्या आरास स्पर्धेत गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या सत्यजितने पहिलं बक्षीस मारलं होतं आणि ते रवींद्रच्या घशाखाली उतरलेलं नव्हतं. यंदा कैलास पर्वत करायचा असं त्याने ठरवलं. पर्वत कशाचा करायचा ते काही सुचत नव्हतं. अशात तो हातोडी शोधायला गराजमध्ये गेला आणि समोर एका मापाचे, मजबूत, कोरे खोके रचलेले.

नीलांबरी शुक्रवारी ऑफिसातून दमून घरी आली तेव्हा दिवाणखान्यात कैलास उभा होता. पांढऱ्या चादरींचा बर्फ होता आणि त्यावरून तिची निळी पैठणी गंगा होऊन खाली वाहत होती. पैठणीला टाचण्या टोचलेल्या पाहून ती जी काही बोलली ते इथे सांगण्यात अर्थ नाही. पण त्या भांडणाच्या भरात पैठणीखाली काय आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी त्र्यंबककाकांनी यथासांग पूजा सांगितली. काका हे रवींद्रचे चुलते, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. टेक्ससमध्ये भटजी मिळत नाहीत म्हणून आपल्याला बोलावलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती कुणी मोडली नव्हती. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, मोदक झाले. आणि जेवणं उरकून सगळे लवंडले तोच वॉल्टरचा मेसेज आला, की ऑडिटरबाई सोमवारीच येतायत आणि त्यांना यंत्रं डोळ्यांनी बघायची आहेत. नीलांबरीने गराजचं दार उघडलं. आत गाडी होती, लेकीची, केयाची, सायकल होती, आणि बाकी स्वच्छ फरशी होती.

"रवी, गराजमधले खोके कुठेयत?"

"देवाखाली," रवींद्र कुशीवर वळत म्हणाला. "परफेक्ट साइझ होती, यार."

नीलांबरी तडक काकांकडे गेली. मूर्ती जरा अलगद उचलून डायनिंग टेबलावर ठेवली तर चालेल का, एक तासभरच, असं तिने अगदी मऊ आवाजात विचारलं. काकांनी पेपर खाली ठेवला.

"प्राणप्रतिष्ठा झाली ना, सूनबाई. आता गुरुवारी गौरींसोबत जातील. तोवर मूर्ती हलत नसते."

"काका, सरकारी बाई येणार आहेत तपासायला. माझी नोकरी जाईल."

"येऊ दे ना. तिले प्रसाद देऊ."

मग तिने वॉल्टरला फोन करून तारीख पुढे ढकलता येईल का, असं आडून आडून विचारलं. वॉल्टर म्हणाला, बाईंची तारीख बदलत नाही, पण काळजी करू नकोस, मीच त्यांना संध्याकाळी तुझ्या घरी घेऊन येतो. तुला काही त्रास नाही ना? आणि नीलांबरीची जीभ पुन्हा घसरली. "नो नो, नो ट्रबल ॲट ऑल," ती म्हणाली आणि फोन ठेवून तिने कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी संध्याकाळी आरतीला घर फुलून गेलं होतं. दाराशी बुटांचा ढीग, त्यातून वाट काढत वॉल्टर आला. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मागे ऑडिटरबाई, मिस हार्लन. उंच, करड्या केसांच्या, हातात टॉर्च, आणि नाक लाल. टेक्ससमध्ये सप्टेंबर आला की हवेत परागकण मातात आणि अर्धं राज्य शिंकत बसतं, त्यात या बाई अगदी पुढच्या रांगेत होत्या. दारातून आत येईपर्यंत त्या सहा-सात वेळा शिंकल्या.

खोके कुठे आहेत, असं त्यांनी विचारताच नीलांबरीने मुकाट्याने गंगेचा काठ वर उचलला. आतून डिस्ट्रिक्टचं लेबल दिसलं. मिस हार्लन गुडघ्यांवर बसल्या, मग आडव्या झाल्या, चादरीखाली डोकं घालून टॉर्चने एकेका खोक्यावरचा नंबर वाचू लागल्या. काकांना भरून आलं. गोरी बाई, पण देवापुढे साष्टांग घालते, असं त्यांनी शेजारच्या पाहुण्यांना हळूच सांगितलं, आणि बाई बाहेर आल्याबरोबर त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

"नंबर सगळे जुळले," कुंकवासकट त्या म्हणाल्या. "पण दोन खोके वाजवून पाहिले तर रिकामे आहेत."

नीलांबरीने रवींद्रकडे पाहिलं. रवींद्र छताकडे पाहू लागला. वॉल्टर पांढराफटक पडला. बाई पुढे काही विचारणार, तोवर काकांनी घंटा वाजवून आरती सुरू केली, कारण काका ऑडिटरसाठी थांबणाऱ्यातले नव्हते.

यांच्या घरी आरती म्हणजे दरवर्षी एक ठरलेला तमाशा. धूप आणि कापूर पेटला की छताचा स्मोक अलार्म कोकलायला लागायचा, आणि एका वर्षी तर थेट बंबच दारात आला होता. यंदा मात्र अलार्म गप्प. उलट कैलासाच्या दोन्ही अंगांना, बर्फातून, दोन हिरवे दिवे चमकत होते. नीलांबरी गेले तीन दिवस त्यांना आरास समजत होती. धूर वर चढला तसे ते दिवे लालभडक झाले, पर्वत घोंघावू लागला, आणि बघता बघता धूर चादरींच्या आत ओढला गेला.

आरती संपली. मिस हार्लननी दिव्यांकडे बोट केलं. "ती दोन चालू आहेत?"

सबबी नीलांबरीच्या ओठांवर आल्या होत्या. पण समोर गणपती, बाजूला रवींद्रचं पडलेलं तोंड, आणि या बाई निमूटपणे तबकातला मोदक घेऊन उभ्या. तिला एकदम सगळ्याचा कंटाळा आला. भीतीचा तर फारच.

"चालू आहेत," ती म्हणाली. "धुराने अलार्म वाजू नये म्हणून माझ्या नवऱ्याने न विचारता काढली. खोके मी माझ्या घरी ठेवायला नको होते आणि त्यांचा पर्वतही व्हायला नको होता. चूक माझी आहे. वॉल्टरला या पर्वताचं काही माहीत नव्हतं."

मिस हार्लननी मोदक संपवला. मग जमलेल्या पोरांकडे वळून विचारलं, की यातली डिस्ट्रिक्टच्या शाळांत किती जण जातात? सगळ्यांचे हात वर झाले.

"लाइक, एव्हरीबडी," केया म्हणाली. "व्हेअर एल्स वुड वी गो?"

बाईंनी फाइल उघडून अर्जातलं वाक्य मोठ्याने वाचलं: डिस्ट्रिक्टचे विद्यार्थी जिथे एकत्र जमतात तिथली हवा शुद्ध ठेवणे. ते वाक्य नीलांबरीनेच लिहिलं होतं, दोनदा खोडून.

"या महिन्यात मी चार डिस्ट्रिक्ट पाहिले," मिस हार्लन म्हणाल्या. "सगळीकडे यंत्रं खोक्यात. चालू असलेली मी पहिल्यांदाच पाहतेय. आणि अर्धा तास झाला, मी शिंकलेली नाही." एवढं बोलून त्यांनी आणखी एक मोदक घेतला.

दोन आठवड्यांनी वॉल्टरने नीलांबरीला केबिनमध्ये बोलावलं. खोके घरी ठेवल्याबद्दल रिपोर्टात एका ओळीचा ठपका होता, आणि पुढे एक अख्खा परिच्छेद होता, की खरेदी केलेली यंत्रं प्रत्यक्ष वापरणारी कर्मचारी या डिस्ट्रिक्टमध्ये एकच दिसली आणि तिला सोडू नये. खोके एव्हाना वर्गावर्गांत जाऊन उघडले होते. तिच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर सही झाली होती. नीलांबरी कायम झाली होती. रवींद्रला मात्र स्पर्धेत दुसराच नंबर मिळाला, त्याचं दुःख तो अजून सांगतो.

तिचे डोळे भरून आले. एवढ्या आनंदात माणसाने नुसतं थँक यू म्हणून कसं उठायचं?

"या ना एकदा आमच्याकडे जेवायला," ती म्हणाली. "ऑफिसातल्या सगळ्यांना घेऊन."

म्हणताक्षणी तिने जीभ चावली. पण वॉल्टरने फोन काढून कॅलेंडर उघडलंसुद्धा होतं.

"ग्रेट, थँक यू," तो म्हणाला. "सगळे म्हणजे स्कूल बसचे ड्रायव्हरही धरायचे ना? हा शुक्रवार चालेल? तुला काही त्रास नाही ना?"

"नो नो," नीलांबरी म्हणाली. "नो ट्रबल ॲट ऑल."