कमलबाईंचे वडील

कोरीटच्या कमलबाई पाटील बावन्नाव्या वर्षी नंदुरबारच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्गात जाऊन बसल्या, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त त्यांच्या मुलाला.

भूपेश सुरतला कापडाच्या कंपनीत होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"माय, जेवनी का?"

"हा."

"तब्येत बरी शे ना?"

"हा."

"बरं, ठेवस मंग."

नवरा, हिंमतराव, गेल्यापासून कमलबाईंनी शेत बटाईला दिलं होतं. सकाळ म्हशीच्या मागे निघून जायची, पण दुपार काही केल्या सरत नसे. मोबाईल कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन आला तरी त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि तो संपला की "बरं" म्हणून ठेवायच्या. एकदा त्या आवाजाने 'एक दाबा' म्हटलं, त्यांनी दाबला, आणि महिनाभर फोनवर भजनं वाजत राहिली. तेव्हा त्यांनी ठरवलं की जिथे जिवंत माणसं बोलतात अशा ठिकाणी जाऊन बसायचं. बारावी लग्नाआधी झालीच होती.

प्रवेशाचे पैसे दुधावर भागले. उरलेल्या फीसाठी भूपेशकडे मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तेवढ्यात कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली: विशेष परिस्थितीतील विद्यार्थ्यांना, म्हणजे अनाथ, अपंग, परित्यक्ता आणि विधवा यांना, शुल्कमाफी. कमलबाई लगेच कारकून शांतीलालच्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"पालकाचं नाव?" शांतीलालने विचारलं.

"माय-बाप कधीच गयात."

"मग सध्या पालक कोण?"

"मीच."

"स्वतःच स्वतःचं पालक होता येत नाही, मावशी. कॉम्प्युटर घेत नाही."

"कॉम्प्युटरले सांगा, मन्हा घरमा दुसरं कोनीच नही."

शांतीलालने खरोखरच सांगून पाहावं तसं पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मुलगा असेल ना? त्याचं नाव आणि मोबाईल द्या. नुसतं नावापुरतं."

पण नात्यांच्या यादीत 'मुलगा' नव्हता. वडील, आई, काका आणि मामा, एवढेच होते. काका किंवा मामा निवडला की कॉम्प्युटर वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागे, आणि भूपेशला आई करणं शांतीलालला प्रशस्त वाटेना. त्याने 'वडील' दाबलं. कॉम्प्युटरने उरलेलं काम आपणहून केलं. मधलं नाव बदललं आणि पुढे 'कु.' लावलं. अशा रीतीने एकतीस वर्षांच्या भूपेशला बावन्न वर्षांची मुलगी झाली.

त्याला ही बातमी दिवाळीनंतर कळली, तीही बायकोकडून. तो आंघोळीला गेला असताना रुपाने टेबलावर वाजलेला फोन उचलला आणि संदेश वाचला: 'प्रिय पालक, आपली मुलगी कु. कमल भूपेश पाटील, प्रथम वर्ष, विशेष परिस्थितीत असून सतत गैरहजर आहे. मंगळवारी प्राचार्यांना समक्ष भेटावे. नंदुरबार.'

भूपेश टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तेव्हा रुपा खुर्चीत ताठ बसली होती.

"कमल कोन शे?"

"कोन कमल?"

"तुम्हनी पोर."

"आपले आजून पोर कोठे शे?"

"आपले नही. तुम्हले शे. नंदुरबारले कॉलेजमा जास. विशेष परिस्थितीत शे म्हने."

भूपेशने टॉवेल सावरत हिशेब मांडला. "आगे, कॉलेजनी पोर म्हंजे अठरा वरीसनी. तवय मी सातवीमा व्हतू!"

"मी हिशोब मांगी ऱ्हायनी का?"

त्याने कॉलेजला फोन लावला. पलीकडे शांतीलाल होता.

"तुम्ही कमलचे वडील ना?"

"नाही हो!"

"रेकॉर्डला तर आहात."

"चूक आहे ती."

"असं बरेच वडील म्हणतात. समक्ष या."

संध्याकाळपर्यंत ही बातमी उधन्याला रुपाच्या माहेरी पोचली. सासऱ्यांनी फोन करून, "पोर आहे तर आहे, पण लपवायला नको होती," असं अगदी समजुतीने सांगितलं. ते भूपेशला शिव्यांहून जास्त लागलं.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने दोघं निघाले. रुपा सबंध प्रवासभर खिडकीबाहेर बघत होती. पण तिच्या मांडीवरच्या पिशवीत नवा पंजाबी ड्रेस होता. पोरीचा काय दोष, असं तिला रात्रीतून वाटलं होतं.

गाडी नंदुरबारला पोचली तरी भूपेशच्या डोक्यात आलं नाही की आपल्या आईचं नाव कमल आहे. त्याने ते कधी उच्चारलंच नव्हतं. तोंडात ती 'माय' होती आणि फोनमध्ये 'घर'. रुपाही सासूला 'माय'च म्हणायची.

प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मांडीवर दप्तर घेऊन, ती बसलेली होती.

"माय? तू आठे कसी?"

कमलबाई काही बोलणार तोच आतून शांतीलालची हाक आली, "कमल भूपेश पाटील! वडिलांना घेऊन आत या."

कमलबाई उभ्या राहिल्या. भूपेश त्यांच्या जागी खाली बसला. रुपाने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की शिपाई पाणी घेऊन आला.

आत प्राचार्य बाई कागदावर सही करता करता बोलू लागल्या, "पालक म्हणून तुमचं मुलीकडे अजिबात लक्ष नाही. ती कॉलेजात येते की नाही, खाते की नाही, तुम्हाला काही..." मग त्यांनी मान वर केली आणि त्या थांबल्या. शांतीलालने यादीची सगळी हकिगत सांगितली. बाईंनी ती गंभीरपणे ऐकून घेतली, पण मुद्दा सोडला नाही.

"नात्याची चूक कॉम्प्युटरची. गैरहजेरी तर खरी आहे. दिवाळीनंतर तुम्ही आलाच नाहीत. का?"

"टायफॉइड व्हयना व्हता," कमलबाई म्हणाल्या.

"कवय?" भूपेशने विचारलं.

"व्हयना व्हता कवयतरी. आते बरं शे."

"मी दर रविवारे फोन करस. माले कसं सांगं नही?"

"तू इचारस, तब्येत बरी शे ना? मंग मी हा म्हनस."

"दवाखान्यात कोण होतं सोबत?" बाईंनी विचारलं.

"सोबत कोनी नही. पन वार्डमा गरदी व्हती," कमलबाई म्हणाल्या. "बरं वाटनं."

रुपाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, विधवा म्हणून तुम्हाला पूर्ण माफी बसते. पालक दाखवायची गरजच नव्हती. शांतीलाल, पालकाचं नाव काढून टाका."

"काढतो," शांतीलाल म्हणाला. "मग ह्यांना मेसेज नाहीत, बोलावणं नाही, काही नाही. नाव ठेवलं तर मात्र ह्यांचा पगार घरच्या उत्पन्नात धरला जाईल आणि माफी मिळायची नाही."

"काढा, काढा," भूपेश घाईघाईने म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," कमलबाई म्हणाल्या.

"मावशी, माफी जाईल."

"जाऊ द्या."

"माय, फुकट भेटी ऱ्हायनं तर कसाले..."

भूपेशचं वाक्य पूर्ण झालं नाही, कारण रुपाने त्याच्या पायावर पाय दिला होता. मग तिने त्याच्या खिशातून पाकीट काढलं आणि शांतीलालला विचारलं, "फी कोठे भरनी पडस?"

परतीची गाडी दुपारची होती. दुसऱ्या दिवशी भूपेशची ड्युटी होती. तिघं स्टेशनवर जेवले. नंतर फलाटावर भूपेश बराच वेळ रुळांकडे बघत उभा राहिला. जेवण तर झालं होतं आणि तब्येतही कळली होती. आता काय विचारावं हे त्याला सुचेना.

"काय शिकाडतंस तठे?" त्याने अखेर विचारलं.

कमलबाईंचा चेहरा उजळला. "आपली तापी पश्चिमेले का जास, तुले माहीत शे?"

"उतार व्हई."

"आरे, पन उतार कसा ऊना? बाकीन्या नद्या तं तिकडे पूर्वेले जातंस!"

भूपेशला खरंच माहीत नव्हतं. तो विचार करू लागला तेवढ्यात गाडी आली आणि जागा धरायची धावपळ उडाली. रुपाने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "सांगा ना, माय! कसा ऊना?"

"दोन्ही बाजूले डोंगर," कमलबाईंनी दोन्ही हात उभे धरले, "आनि मझारली जमीन..."

गाडी हलली. भूपेशने कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली, मग हात हलवला. शेवटचा डबा गेला तरी कमलबाईंचे दोन्ही हात तसेच उभे होते. मधली जमीन खचायची राहिली होती.

त्या बाकावर येऊन बसल्या. शेजारी दोंडाईच्याची एक बाई गाठोडं घेऊन गाडीची वाट बघत होती. थोड्या वेळाने कमलबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "जमीन खचनी. मनून पानी तिकडे गयं."

"कोन सांगनं?"

"कॉलेजमा सांगतंस."

"कोन जास कॉलेजमा?"

"मी."

बाईने त्यांना केसांपासून चपलांपर्यंत नीट न्याहाळलं आणि ती जराशी सरकली. आता ही उठून जाणार, असं कमलबाईंना वाटलं. पण बाईने गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही पाय बाकावर घेतले.

"सांग मंग," ती म्हणाली. "गाडी लेट शे."