कप्तानबाईंच्या घड्याळाचे मंगलस्नान

श्री. पळे आणि घटिका ज्याच्या पायी पैंजणाप्रमाणे वाजतात, त्या काळपुरुषास साष्टांग नमस्कार घालून, आणि वाचणारांस उदंड आयुष्य चिंतून, हकिकत लिहिली ऐसीजे. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध त्रयोदशी, रविवार, ते दिवशी एका राज्यात मोठा प्रसंग गुदरला. राज्याचे नाव घेणे नलगे. मुलूख तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतकरून बंद, सबब शत्रूस चढाई कठीण. गादीवर दिगंबरराव खासे बसत, आणि कारभार त्यांचे कुटुंब हेमलताबाई करीत, आणि उभयतांची कन्या स्वरूपाबाई, इयत्ता नववी, यांस दरबारी 'धाकट्या सरकार' म्हणत. या धाकट्या सरकार पूर्वी चारचौघांत तोंड उघडीत नसत, पाहुणे आले की आतल्या खोलीत दडत. परंतु यंदा शाळेच्या सभेत ऐन भाषणात माईक बंद पडला आणि त्यांनी नुसत्या आवाजावर भाषण शेवटास नेले, तेव्हापासून त्यांस आपला कंठ सापडला, आणि मग राज्यात शांतता म्हणोन राहिली नाही.

दिगंबररावांस एक धाकटी बहीण, वैजयंतीबाई, मालवाहू जहाजावर कप्तान. बाई प्रथम दर्यावर निघाल्या ते समयी रावांनी भर दरबारात "समुद्र हे बाईमाणसाचं काम नाही" ऐसे उद्गार काढिले, आणि बाईंनी "बघच तू" म्हणोन उंबरा ओलांडला, आणि मग कैक वर्षे बहीणभावांत बोलणे खुंटले. गेल्या साली कसाबसा तह जाहला. पुढे यंदाचे फेरीस चाच्यांचा उपद्रव फार, म्हणोन बाईंनी निघताना आपले मनगटी घड्याळ बंधूंचे हाती दिले आणि "दादा, सांभाळ हं" इतुकेच बोलिल्या. ते घड्याळ काय वर्णावे! अस्सल विलायती, अंगी पोलाद, तबकडी निळी, खोल पाण्यासही न भिणारे, बाईंनी कप्तानी मिळाली ते वर्षी स्वकष्टाने घेतलेले. रावांनी ते मनगटी न बांधिता देवघरात बाळकृष्णाशेजारी स्थापिले. आज सायंकाळी बाई येणार, म्हणोन सकाळी घड्याळ बाहेर काढिले, तो पाहतात काय, कड्याकड्यांतून हळद बसली, कुंकू बसले, वरून तेलाचे बोट आणि उदबत्तीची राख, आणि निळी तबकडी तर डोळे आल्यासारखी दिसू लागली.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" हेमलताबाई बोलिल्या.

"खंडेनवमीला पूजा केली गं," रावांनी खाली पाहून सांगितले. "हत्यारांच्या ताटात ठेवलं होतं. आता वैजू म्हणेल, दादाला एक घड्याळ सांभाळता आलं नाही. पुन्हा बोलायची नाही ती माझ्याशी."

ते शब्द धाकट्या सरकारांच्या काळजात रुतले. बाबांचा चेहरा इतका लहान त्यांनी कधी पाहिला नव्हता.

हेमलताबाई मात्र धीराच्या. त्यांची कोजागिरीची तयारी चालू, देव चिंचेच्या कोळात बुडवून ठेविलेले. "त्यात काय एवढं? वॉटरप्रूफ आहे ना? देव घासतेच आहे, त्यांच्यातच टाकते. लख्ख निघेल," ऐसे म्हणोन त्यांनी घड्याळ उचलिले आणि पातेल्यावर धरिले, आणि आता सोडणार, इतक्यात धाकट्या सरकार गर्जल्या, "आई, थांब! चावी उघडी आहे!"

"अगं बाई!" म्हणोन हेमलताबाई घड्याळ हातात तसेच धरून दाराकडे धावल्या. "बाहेरच राहिली का लॅचला?"

"दाराची नाही गं, घड्याळाची!"

मग सरकारांनी घड्याळ ताब्यात घेऊन दाखविले की, कुशीला जी चावी, ती आट्यांची असून घट्ट बसली पाहिजे, ती बाहेर आलेली. म्हणजे गडास वेढा पडावा आणि महादरवाजा सताड उघडा असावा, तैसा प्रकार. पेटीतली पुस्तिका राज्यात अन्य कोणी उघडली नव्हती, ती सरकारांनी वाचिली होती. रावांस विचारता राव बोलिले, "मीच रोज चावी देतो, पूजा झाली की. ती तिकडे समुद्रावर, आणि इकडे तिचं घड्याळ बंद पडलेलं, बरं वाटतं का?"

"देता ते ठीक आहे हो बाबा, पण नंतर आत दाबून फिरवून घट्ट करत नाही?"

"ते फिरवायचंही असतं?"

सरकारांनी काच उजेडाकडे धरून पाहिली. आत धुके नाही, थेंब नाही. मग चावी हलके आत दाबून, आटे सरळ बसतात ऐसे पाहून, जोर न करिता फिरवीत नेली, तो दरवाजा बंद जाहला आणि रावांनी श्वास सोडिला. मग हुकूम सुटले. चिंच वर्ज्य, कारण ते आंबट, पितळेस मानवते, यास नाही. आणि बुडवणे रद्द, कारण आतले रबर किती जुने झाले, कोणास ठाऊक. ओल्या ब्रशानेच काम करणे. हेमलताबाईंनी वाफाळते पाणी आणिले, तो सरकार म्हणाल्या, "आई, चहा नाही करायचा. कोमट!" रावांनी टूथपेस्ट पुढे केली, तो म्हणाल्या, "बाबा, त्याला दात नाहीत. ओरखडे पडतील." हेमलताबाई फुरंगटून "बरं बाई, आम्ही अडाणी" बोलिल्या खऱ्या, परंतु लगेच कपाटातून लहान मुलांचा मऊ, कोरा ब्रश शोधून आणिला, ही मोठी कुमक पोहोचली.

वाटीत कोमट पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब, आणि ब्रश भिजवून, झटकून, सरकारांनी कड्यांवर हलका हात फिरविला मात्र, पिवळे होते ते एकाएकी लालभडक जाहले आणि फेस रक्तासारखा वाहू लागला.

"गेलं!" राव खुर्चीत बसले. "स्वरू, रंग सुटला त्याचा! ठेव ते खाली!"

क्षणभर सरकारांचाही हात थबकला. पूर्वीच्या स्वरूपाबाई असत्या तर ब्रश टाकून पळत्या. परंतु मग प्रयोगशाळेतील परीक्षानळी डोळ्यांपुढे आली आणि त्या हसू लागल्या. "बाबा, हळद आहे ती! साबण लागला की लाल होते. आम्हाला शाळेत दाखवलंय. हळदीच्या डागावर आई साबण लावते तेव्हा बघा." हेमलताबाई म्हणाल्या, "हो की! तुमच्या लग्नातल्या सदऱ्याचं असंच झालं होतं." मग रावांस धीर आला, आणि ब्रश कडीमागून कडी फिरला, आणि ओल्या फडक्याने साबण टिपिला, आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने कोरडे केले, तो निळी तबकडी अशी उघडली की जणू घरात खिडकी वाढली. फक्त एका कडीच्या फटीत कुंकवाची बारीक रेघ राहिली. हेमलताबाईंनी टाचणी पुढे केली. सरकारांनी ती नाकारिली. इतक्यात बेल वाजली. कप्तानबाई वेळेआधीच दाखल.

"काय रे दादा, लिफ्ट अजून बंदच? जहाजावर परवडलं!" म्हणत बाई आत आल्या, पाणी प्यायल्या, आणि हात पुढे केला. रावांनी फडक्यातून घड्याळ दिले. बाईंनी चावी चाचपली, काच पाहिली, आणि मग नजर त्या फटीवर थांबली. "हे लाल काय आहे?"

धाकट्या सरकारांच्या जिभेवर सारे उत्तर तयार होते. परंतु त्यांनी बाबांकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. हे भाषण त्यांचे नव्हते.

"कुंकू आहे," राव बोलिले. "खंडेनवमीला विळी पुजली, माझी पक्कड पुजली. मग म्हटलं, घरात कप्तान आहे, तिचं हत्यार कसं राहील? तुझं हेच होतं इथे. पूस सांगत असशील तर..."

कप्तानबाई खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या, आणि घड्याळ मनगटी बांधायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मग म्हणाल्या, "स्वरू, ती रेघ काढू नकोस हं. राहू दे." आणि पुन्हा आवाज चढवून, "वहिनी, चहा टाका! आणि दादा, तू पुन्हा म्हण बघू, घरात कोण आहे?"

"कप्तान," राव बोलिले, आणि या खेपेस मान वर करून बोलिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. रबर दुकानी तपासून घेण्याची ताकीद धाकट्या सरकारांनी आत्याबाईंस दिली, ती त्यांनी सलाम करून मानिली. घड्याळास पाणी लागले, ते आत गेले नाही. भावाचा शब्द मात्र थेट आत पोहोचला. घडले तितुके लिहिले, अधिक उणे वाचणारांनी सांभाळून घ्यावे.