शेवईचे केस आणि माझा पांढरा शर्ट

कुत्र्याचे केस सांभाळणं म्हणजे काही धरण बांधणं नव्हे, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. मी पाटबंधारे खात्यात आहे, त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचा एक कालवा अर्धा झालेला होता, आजही तो अर्धाच आहे. त्या मानाने वीतभर उंचीची कुत्री म्हणजे किस झाड की पत्ती!

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे ना? तू बिनधास्त जा धुळ्याला," मी म्हणालो.

शिल्पाच्या भाच्याचा साखरपुडा होता. ती बॅग भरून दारात उभी होती, पण पाय निघत नव्हता. नवऱ्याला सोडून जाताना तिचा पाय कधी अडला नव्हता. अडला तो शेवईपायी.

शेवई म्हणजे आमची शित्झू जातीची कुत्री. पांढरीशुभ्र, आणि केस पाठीच्या मध्यभागी भांग पडून दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत. उन्हाळ्यात गच्चीवर दोरीला शेवया वाळत घालाव्यात तसे ते लोंबतात, म्हणून हे नाव. ती चालते तेव्हा पाय दिसतच नाहीत, नुसती जमिनीवरून सरकते. तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे कळायला डोक्यावरचा लाल रबर बघावा लागतो.

हे केस आपोआप वाढलेले नाहीत. जळगावच्या उन्हाळ्यात घरातला एकमेव कूलर शेवईकडे होता आणि मी गच्चीवर होतो. जेवताना तिचे कान रबराने मागे बांधायचे, म्हणजे ते वरणात बुडत नाहीत. झोपायला सॅटिनची उशी, कारण सुती उशीवर केस तुटतात. माझ्या उशीला अभ्राच नाही, पण तो विषय वेगळा.

आणि रोज सकाळी विंचरणं. आमची साक्षी शाळेत होती तेव्हा शिल्पा रोज तिच्या दोन वेण्या घालायची. मग साक्षी शिकायला पुण्याला गेली आणि पहिल्याच महिन्यात केस खांद्यापर्यंत कापून तिने फोटो पाठवला. शिल्पा "छान दिसतेय" म्हणाली आणि कंगवा हातात धरून बसून राहिली. त्यानंतर ती शेवईच्या मागे लागली. शिवाय खालच्या मजल्यावरच्या मयुरीताईंनी शेवईला जिन्यात बघून "अगंबाई, मला वाटलं पायपुसणं" असं म्हटलं होतं, तेही तिच्या मनात होतंच. या रविवारी गावात कुत्र्यांचं प्रदर्शन होतं. लांब केसांच्या गटात शेवईचं नाव दिलं होतं. शिल्पाची वर्षभराची मेहनत त्या एका दिवसावर होती.

"ऐका," ती दारातून म्हणाली. "तिला घराबाहेर न्यायचं नाही. आणि ओले केस तसेच सोडायचे नाहीत, जटा होतात. ओली झाली की लगेच विंचरायचं. मुळापासून टोकापर्यंत, सगळीकडून सारखं. कळलं?"

"कळलं."

"आणि भरीत खायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगं, भरिताचा इथे काय संबंध?"

"हिवाळा आहे आणि मी गावाला चाललेय. तुम्हाला मी ओळखते."

बायको एसटीत बसली आणि तौफिकचा फोन आला. तौफिक माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मूळचा रावेरचा.

"राजदीप भाऊ, उद्या दुपारी लोटन आबांच्या मळ्यात भरीत पार्टी. वांगी बामणोदची. येताय ना?"

आता तुम्हीच सांगा. हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातला माणूस भरीत पार्टीला नाही म्हणाला तर लोक त्याची बदली झाली का म्हणून विचारतात. मी हो म्हणालो. शेवईला घरात एकटी ठेवावी तर ती भुंकून सोसायटी डोक्यावर घेते. म्हणून तिलाही सोबत घेतली. मी कंगवा खिशात टाकला. बेजबाबदार माणूस मी नव्हेच!

सकाळी ऑफिसात मोठे साहेब यायचे होते म्हणून मी नवाकोरा पांढरा शर्ट घातला होता. शिल्पानेच प्रदर्शनासाठी घेतलेला. मळ्यात उतरलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर शर्ट काढून घडी घालून पिशवीत ठेवला. केळीचा चीक कपड्याला लागला की संपलं, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो, आणि मग तो कपडा फाटतो पण डाग जात नाही.

"तौफिक, तूही शर्ट काढ," मी बनियनवर उभा राहून म्हणालो. "चीक वाईट."

शेवईची तर मी फारच काळजी घेतली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, त्या धुरापासून लांब, बांधावरच्या कुसळांपासून लांब, अशी छान सावलीची जागा शोधली आणि तिला एका केळीला बांधलं. जेवायला पानं लागणार होती. विळा मी घेतला आणि सपासप पानं कापली. त्याच केळीची. हाताशी तीच होती.

मग लाकडी बडगीत भरीत कुटलं गेलं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर गरम पुऱ्या. मळ्याचे मालक लोटन आबा स्वतः वाढत होते.

"घ्या बापा, लाजू नका. वांगे आपल्या घरचेच हायेत," असं म्हणत ते वाढत गेले आणि मीही लाजलो नाही.

हात धुऊन शेवईकडे गेलो तर तिची पाठ ओली! डोकंही ओलं. खाली पाहिलं तर ठिबक सिंचनाची नळी. म्हटलं, नळी फुटलेली दिसते, पाणी उडालं असणार. लगेच शिल्पाचे शब्द आठवले आणि खिशातला कंगवा काढला. मुळापासून टोकापर्यंत, सगळीकडून सारखं. एकही थेंब एका जागी राहू दिला नाही. केस असे काही चापूनचोपून बसले की तौफिकसुद्धा म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर पार्लर टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तर सोफ्यावर चहाच्याच रंगाची एक कुत्री बसलेली होती.

मी दिवा लावला. रंग तोच. खिडकी उघडली. रंग आणखी गडद. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध तपकिरी, खाली दोन्ही बाजूंना पांढरी झालर. अख्ख्या मळ्यात मी एकच गोष्ट चिकापासून वाचवली होती, आणि ती म्हणजे माझा शर्ट.

शाम्पू झाला. लिंबू झालं. दही झालं, ते शेवईने चाटून टाकलं. शेवटी तौफिकला फोन लावला. त्याने तो त्याच्या अम्मीकडे, हुस्नबानो चाचींकडे दिला. त्यांचं अख्खं आयुष्य केळीच्या गावात गेलेलं.

"चाची, चिकाचा डाग कशाने जातो?"

"बेटा, जिस कपड़े को लगा वो कपड़ा खेत का हो गया," चाची म्हणाल्या. "लगा किसको?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी शिल्पा आली. शेवई धावत गेली आणि शिल्पाने बॅग तिथेच सोडली. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, शेवईला मांडीवर घेतलं आणि एकेक बट बोटांनी उलगडून बघत राहिली.

"साक्षीच्या वेणीपेक्षा जास्त जपले होते हो," एवढंच म्हणाली.

खरं सांगतो, तिथल्या तिथे कबूल करावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"पाणी," मी म्हणालो. "आपल्या बोअरचं पाणी. टाकीत गंज झालाय. अंघोळ घातली आणि ही अशी झाली."

धुळ्याची बाई. तिच्या माहेरी कापूस आणि बाजरी, केळी फक्त डझनाने विकत आणलेली. तिने विश्वास ठेवला. मी सुटलो म्हणून श्वास सोडला, तोवर ती चप्पल घालून जिन्यात होती.

ती थेट सोसायटीच्या चेअरमनकडे गेली. रतिलाल नाना स्वभावाने भित्रे. कुत्री समोर धरून शिल्पाने विचारलं, "नाना, हिचे केस असे झाले, तर माणसांच्या पोटात काय होत असेल?" मयुरीताई मागेच उभ्या होत्या. त्यांनी आपले केस उजेडात धरून बघितले आणि किंकाळी फोडली. मग कोणाला आपले केस गळताना आठवले, कोणाला दात पिवळे दिसू लागले. तासाभरात अख्ख्या सोसायटीची टाकी गटारात सोडली गेली. रतिलाल नाना लेंगा खोचून स्वतः टाकीत उतरले, घासघास घासलं आणि वर येऊन म्हणाले, "गंज दिसला तर नाही, पण काढला."

रविवारी सकाळी कोणाच्याच नळाला थेंब नव्हता. चूळ भरायला पाणी नाही म्हटल्यावर लोक घरात बसून काय करणार? सगळे बिनअंघोळीचे शिल्पाला पाठिंबा द्यायला प्रदर्शनाला आले. मी तोच पांढरा शर्ट घातला होता. एक डाग नव्हता.

शिल्पाने हार मानली नव्हती. "रंग गेला, केस तर आहेत," असं म्हणून पहाटेपासून तिने शेवईला विंचरलं होतं. आणि परीक्षकही थबकले. त्यांनी केसांतून कंगवा फिरवला, तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

"वा! एक गाठ नाही," ते म्हणाले. "पण हा रंग? रंगवलेलं कुत्रं नियमात बसत नाही."

"रंगवलेलं नाही साहेब, आमच्या सोसायटीचं पाणी," शिल्पा म्हणाली. मागून पूर्ण सोसायटीने एका सुरात हो म्हटलं. रतिलाल नानांनी शपथ घ्यायला हात वर केला.

परीक्षक विरघळले. निकाल लागणार, तेवढ्यात प्रमुख पाहुणे व्यासपीठावरून खाली उतरले. भाषण नुकतंच संपवलेलं, माईक हातात तसाच. मी पाहिलं, तर कोण? लोटन आबा!

आबांनी शेवईची पाठ दोन बोटांत धरून चोळली.

"कायचं पानी बापा? हा तं केयीचा चीक हाये," आवाज मैदानभर घुमला. "माह्या धोतराले असाच डाग हाये. हे पोरगी केयीच्या मयात कथी गेलती?"

मी मयुरीताईंच्या मागे सरकलो. पण पांढरा शर्ट चमकला.

"अरे, हे तं आपले पाटबंधारेवाले साहेब!" आबांना मनापासून आनंद झाला. "परवा माह्या मयातच व्हते. काय भरीत खाल्लं बापा! पुऱ्या पुन्हा तयाव्या लागल्या. या, पुढे या!"

अख्खी सोसायटी माझ्याकडे वळली. मागून रतिलाल नानांचा आवाज आला, "मी टाकीत उतरलो होतो."

शिल्पाने माझ्याकडे पाहिलं. मग परीक्षकांकडे वळून शांतपणे म्हणाली, "नियम तो नियम. नाव काढा."

शेवईचं नाव कटलं. आबांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे शेवईला आपल्या पदरचं खास बक्षीस जाहीर केलं. सकाळीच मळ्यातून कापून आणलेला केळीचा भलामोठा घड. टाळ्या वाजल्या, अगदी मयुरीताईंनीही वाजवल्या. "एक गाठ नाही हो केसांत," असं त्या शेजारणीला सांगत होत्या. शिल्पाने ते ऐकलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

घड घ्यायला तिने हात पुढे केले, कापलेल्या दांड्याकडे नीट बघितलं, आणि माझ्याकडे बघून गोड हसली. ती जेव्हा खरी चिडते तेव्हाच माहेरची बोली काढते.

"धरा," ती म्हणाली. "हाऊ बठ्ठा तुमनाच शे."

हा सगळा माझाच! सगळी सोसायटी बघत होती. मी घड दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तसाच उभा राहिलो. दांड्यातून शर्टावर थेंब पडत होते, अगदी पाण्यासारखे स्वच्छ.

सकाळपर्यंत शर्टाचा रंग शेवईशी इतका जुळला की शिल्पाने तो कुत्रीच्या झोपायच्या टोपलीत अंथरला. आता शेवईचे केस पांढरे होईपर्यंत रोज सकाळी विंचरायचं काम माझ्याकडे आहे. परवा मयुरीताईंनी टोपलीत डोकावून विचारलं, यातली कुत्री कुठली आणि शर्ट कुठला. मी लाल रबराकडे बोट दाखवलं.