बिनपाठीचा फ्रीज

टेंपोवाला सामान उतरवून गेला. सासूबाईंनी दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये सरकवलं आणि ते फ्रीजच्या पाठीमागून बाहेर पडलं. फरशीभर दूध झालं. सासूबाईंनी वाकून आत पाहिलं, तर फ्रीजमधून सरळ भिंत दिसत होती. हमालाने तो एका हाताने उचलून आणला तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती, पण त्या वेळी सासूबाई त्याच्या ताकदीचं कौतुक करण्यात गुंतल्या होत्या.

हे सगळं शेजारीण दारात उभी राहून पाहत होती. दूध तिनेच आणून दिलं होतं, त्यामुळे जायची तिला घाई नव्हती. सासूबाईंनी काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने फडकं शोधायला कपाट उघडायला घेतलं. कपाटाची मूठ हाताला लागेना. ती रंगवलेली होती. पुस्तकांच्या फळीला हात लावला तर सगळी पुस्तकं एकाच तुकड्यात हातात आली. शेजारणीला बिचारीला अवघडल्यासारखं झालं, म्हणून तिने टोपलीतलं एक सफरचंद उचलून चावा घेतला आणि बराच वेळ ती काही बोलू शकली नाही.

सासूबाईंच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला. हे आपलं सामान नव्हे, हे सुनेचं नाटकाचं सामान.

सून नाटकात काम करायची आणि नाटकाचे पडदे, घरं, दारं-खिडक्या रंगवायचीही. नक्की काय करतेस असं कुणी विचारलं की ती म्हणायची, दोन्ही. माणसाने काहीतरी एक धड करावं, असं सासूबाईंचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नव्हतं. पण या नव्या शहरातल्या एका नाटक मंडळीला नेमकी दोन्ही करणारी बाई हवी होती. मुलगा जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने पाण्यात. तेव्हा घर हलवलं ते या दोघींनीच.

सासूबाई आल्या होत्या त्या घर लागेपर्यंत. रविवारी लेक गाडी घेऊन येणार आणि त्यांना आपल्याकडे नेणार, असं ठरलं होतं. सुनेचं नवं काम, नवी माणसं, त्यात आपली लुडबूड कशाला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि सुनेने एकदा तरी ‘नका ना जाऊ’ म्हणावं, असंही तितक्याच मनापासून वाटत होतं. सून एवढंच म्हणाली होती, “तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आई.” ते सासूबाईंच्या जिव्हारी लागलं होतं.

आता सामानाची अदलाबदल कशी झाली, तर त्यात चूक कुणाचीच नव्हती. टेंपोत एका बाजूला घरचं सामान होतं, एका बाजूला नाटकाचं. नाटकवाल्यांचं डावं-उजवं असतं ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाचं. सून टेंपोत चढून सामान लावत होती. तिथूनच रस्त्याकडे तोंड करून तिने खाली उभ्या असलेल्या टेंपोवाल्याला सांगितलं, “उजवीकडचं घरी, डावीकडचं थिएटरला.” टेंपोवाला टेंपोकडे तोंड करून उभा होता. त्याने आपला उजवा हात पाहिला, मान हलवली आणि सांगितलं ते अगदी चोख केलं.

टेंपो आधी थिएटरला जाऊन मग घरी आला होता. म्हणजे आपलं सगळं सामान, खऱ्या फ्रीजसकट, या घडीला रंगमंचावर मांडलेलं असणार. सासूबाईंनी सुनेला फोन लावला, तो बंद. ती सकाळपासून तोंडाला म्हातारीचा रंग लावून घेत बसली असणार. टेंपोवाल्याला लावला, तर तो दुसरं भाडं घेऊन शहराबाहेर निघाला होता. प्रयोग चारला होता, म्हणजे अर्ध्या तासात, आणि तोही नाटक मंडळीच्या विश्वस्तांसाठी. त्यांना आवडलं तर सुनेचं काम कायम, नाहीतर आल्या वाटेने परत.

आणि सगळा प्रयोग त्या फ्रीजवर होता. आईशी भांडलेला मुलगा रागाच्या भरात घरातला फ्रीज डोक्यावर घेऊन तरातरा निघून जातो, हा नाटकातला सगळ्यात मोठा हशा. सासूबाईंना तो तोंडपाठ होता, कारण सून घरी तालीम करायची तेव्हा मुलाचं काम त्याच करायच्या, डोक्यावर उशी घेऊन.

सासूबाई खुर्चीत बसल्या. खुर्ची सुदैवाने बसण्यासारखी होती. त्यांच्या मनात आलं, समजा आपण काही केलंच नाही. फ्रीज उचलला जाणार नाही, प्रयोग पडेल, दोघी आपल्या घरी परत जाऊ. ओळखीचं गाव, ओळखीची माणसं, पाठ असलेला फ्रीज. लेकीकडे जायला नको आणि इथे राहायला नको. विचार चांगला नव्हता, पण त्यात बसायला फार बरं वाटत होतं.

एवढ्यात शेजारणीच्या तोंडातलं सफरचंद एकदाचं निघालं. ती सहज म्हणाली, “हे असलं खेळण्यातलं काम करते होय तुमची सून? मला वाटलं, नोकरी वगैरे करते.”

सासूबाई ताडकन उठल्या. सुनेला नावं ठेवायचा हक्क त्यांचा होता आणि तो त्यांनी कुणाला वापरायला दिला नव्हता.

“खेळण्यातलं? इकडे या. हा खालचा गंज बघा. बोट फिरवा. रंग आहे तो. हा दारावरचा पोचा बघा, हाही रंग. जन्मभर संसार केलाय मी. माझ्यासारख्या बाईने यात दूध ठेवलं. मला फसवणं सोपं वाटतं तुम्हाला?”

शेजारणीला ते अजिबात सोपं वाटलं नाही. सासूबाईंनी मात्र तो गंज स्वतःही आत्ताच नीट पाहिला होता. महिनाभर सून कोपऱ्यात बसून हे करत होती आणि आपण तिला रंगाच्या डब्यांवरून बोलत होतो, हे त्यांना आठवलं आणि वाईट वाटलं. शिवाय एवढं ऐकवून झाल्यावर घरात बसून राहायची सोयही उरली नव्हती. त्यांनी फ्रीज खांद्यावर घेतला आणि त्या जिना उतरल्या.

थिएटर घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण त्या दोन गल्ल्यांनी असं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. केस पिकलेली एक बाई खांद्यावर फ्रीज घेऊन झपझप चालली आहे आणि मागून दुसरी बाई आख्खं पुस्तकालय काखेत मारून तिला गाठायला पळते आहे. माणसं आपोआप बाजूला झाली. चौकातल्या पोलिसाने चारही बाजूंची वाहनं थांबवली. एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थाला राहवेना. “काकू, द्या इकडे,” म्हणत त्यांनी पाय रोवले, दम कोंडला आणि सगळी ताकद लावून फ्रीज उचलला. फ्रीज आभाळाकडे गेला आणि गृहस्थ त्याच्यासकट मागच्या मागे फुटपाथवर बसले.

“लागलं नाही ना कुठे?” सासूबाईंनी काळजीने विचारलं.

“नाही, नाही,” गृहस्थ म्हणाले. पण सासूबाई फ्रीजकडे बघत होत्या.

फ्रीज घेऊन आलेल्या बाईला पास विचारायचा की नाही, हे थिएटरच्या दरवानाला ठरवता आलं नाही, आणि तो ठरवत होता तेवढ्यात त्या आत गेल्या. पडद्याच्या कडेला अंधारात दाढीवाले दिग्दर्शक कपाळाला हात लावून उभे होते. फ्रीज पाहताच त्यांनी सासूबाईंचे हात धरले.

सासूबाईंनी समोर पाहिलं. झगमगीत उजेडात त्यांचं घर मांडलेलं होतं. त्यांचं टेबल, त्यांचं कपाट, त्यांचा तो जुना दिवा. आणि त्या घरात एक म्हातारी वावरत होती.

त्यांच्या कपाटाचं दार अडायचं. जरा वर उचलून, गुडघ्याने दाबून, “चल, आता नखरे पुरे,” असं म्हटल्याशिवाय ते लागायचं नाही. म्हातारीने दार उचललं, गुडघा लावला आणि म्हणाली, “चल, आता नखरे पुरे.” लोक हसले. मग खुर्चीत बसण्याआधी तिने खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटलं. आपण असं करतो हे सासूबाईंना ठाऊकच नव्हतं. आत्ता पाहिल्यावर कळलं की आपण जन्मभर असंच करत आलो. इतकं निरखून आपल्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं, लेकीने नाही, मुलाने नाही. या पोरीने पाहिलं होतं. आणि थट्टा म्हणावी तर त्यात कुठे बोचरं काही नव्हतं.

पण रडायला वेळ नव्हता. तिकडे मुलाचं काम करणारा आडदांड नट रागारागाने फ्रीजपाशी पोचला होता. त्याने मिठी मारली, जोर लावला. फ्रीज ढिम्म हलेना. त्याने दुसऱ्या बाजूने धरला. कुठेतरी काहीतरी करकरलं, ते फ्रीजचं होतं की नटाच्या कमरेचं, कोण जाणे. विश्वस्त मंडळी खुर्चीत चुळबुळायला लागली. रंगवलेल्या सुरकुत्यांखाली सुनेचा चेहरा उतरला.

सासूबाई फ्रीज काखेत घेऊन सरळ उजेडात गेल्या.

“अरे, तो नको ओढू. त्याचा पाय मोडलाय आधीच. जायचंच आहे तर हा घेऊन जा.”

नटाने निमूटपणे फ्रीज घेतला, डोक्यावर ठेवला आणि तरातरा निघून गेला. मग जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. एक विश्वस्त डोळे पुसत होते. सासूबाईंना वाटलं, आपल्या हातून काहीतरी चुकलं. म्हणून त्या सुनेच्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, “तुझं चालू दे,” आणि आल्या तशा परत गेल्या.

प्रयोग संपल्यावर रंगपटात दिग्दर्शक आले. काम कायम झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि मग चाचरत विचारलं की हे घरचं सामान नाटक चालेल तोवर इथेच राहिलं तर चालेल का. अशी वापरलेली कळा करून आणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सून लगेच म्हणाली की ते शक्य नाही, सामान आईंचं आहे. सासूबाई आजवर कुणाला आमटीचा डावसुद्धा उसना देत नसत. त्या म्हणाल्या, “राहू दे इथे. फक्त त्या कपाटाला जोरात ढकलू नका.”

दिग्दर्शक गेले. आरशासमोर दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्यांतली एक तिशीची होती.

“एवढं बघत होतीस होय माझ्याकडे?” सासूबाई म्हणाल्या.

“नका ना जाऊ रविवारी,” सून म्हणाली. “मी विचारलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी म्हणून राहिला असता. ते नको होतं मला. पण राहा, आई. मला करमणार नाही.”

डोळ्यांतल्या पाण्याने सुनेच्या सुरकुत्या ओघळून हनुवटीवर आल्या आणि सासूबाईंनी त्या आपल्या रुमालाने पुसल्या. खालून निघालेला तरुण चेहरा पाहून त्यांनाही रडू आलं.

संध्याकाळी दोघी घरी सतरंजीवर बसून जेवत होत्या, पाठ रंगवलेल्या कपाटाला टेकवून. लेकीचा फोन आला. फोनच्या पडद्यावर तिला आईच्या मागचं घर दिसलं. कपाट, फुलांचं भांडं, टोपलीत सफरचंदं. त्यातलं एक चावलेलं.

“किती छान लावलंय गं घर,” लेक म्हणाली. “मग आता तू मोकळी झालीस. रविवारी किती वाजता येऊ न्यायला?”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती ताटात बघत होती आणि घास तोंडात तसाच ठेवून थांबली होती.

“नको येऊस,” सासूबाई म्हणाल्या. “माझं सगळं सामान इथे नोकरीला लागलंय गं. त्याला एकटं टाकून कशी येऊ?”