शिरपा बोकड स्टेक खायला जातो

बाळांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याची शप्पथ. मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो, पण ज्यानं मला सांगितली तो कधी खोटं बोलत नाही. तसा रोजच बोलतो, पण त्या दिवशी त्याची बायको शेजारी बसली होती.

तर, एका जंगलात वाघ, लांडगा आणि कोल्हा असे तीन जिवलग मित्र राहत होते. रविवार आला की तिघांना एकच प्रश्न पडायचा. आज कुठं जायचं? जंगलात बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती झाडं होती.

एकदा कोल्ह्यानं बातमी आणली. दोन घाट ओलांडले की दुसरं जंगल लागतं. तिथं एका अस्वलानं हॉटेल काढलंय. मोहाची बीअर तिथंच, डोळ्यांसमोर, पिंपात तयार होते. आणि स्टेक मिळतो. स्टेक म्हणजे मांसाचा जाड तुकडा. बाहेरून भाजलेला, आतून कच्चा.

"आपण सगळं कच्चंच खातो की," वाघ म्हणाला.

"दादा, ते साधं कच्चं. हे हॉटेलातलं कच्चं."

वाघाला पटलं. त्याच्याकडे जीप होती. अडचण एकच. तिघेही पिणार, मग गाडी परत कोण आणणार? घाटात हत्ती उभा असायचा. तो सोंड आत घालून गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. वास आला की जीप उचलून दरीच्या अगदी काठावर ठेवायचा. माणसांसकट. म्हणजे जनावरांसकट.

तेव्हा सोबत न पिणारा कुणीतरी हवा. तुम्ही मोठे झालात की बघाल, प्रत्येक टोळक्यात असा एक असतोच. त्याला सगळे फार मान देतात आणि किल्ली देतात.

या टोळक्यात तो मान शिरपा बोकडाला मिळाला. शिरपा पीत नसे, मांसाला शिवत नसे आणि गाडी झकास चालवी. वाघाच्या शेजारी बसायला मिळणार म्हणून तो हुरळून गेला. आईनं विचारलं, "अरे, पण तिथं खातात काय?" शिरपा म्हणाला, "आई, तुला बाहेरचं काही कळत नाही."

हॉटेल अगदी गावरान होतं. भिंतीवर बैलगाडीची चाकं ठोकलेली. कंदिलात बल्ब. बसायला ओंडके. जंगलात आल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम कुंड्यांतून झाडं लावली होती. जंगलातून आलेली मंडळी त्या कुंड्यांपाशी उभी राहून फोटो काढत होती.

बीअर आली. शिरपानं ताक मागवलं. वाघानं आणि कोल्ह्यानं बीअरचे जगावर जग रिकामे केले. लांडग्याला पित्ताचा त्रास होता, म्हणून तो एकच ग्लास चाटत बसला. मग वाघानं स्टेकची ऑर्डर दिली.

अस्वलानं हात जोडले. सकाळीच बिबट्यांची सहल येऊन गेली होती. स्टेक संपला होता.

"पण साहेब," अस्वल शिरपाकडे बघत म्हणालं, "बाहेरून आणलेलं असेल तर बनवून देतो. मसाला आमचा."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. अस्वल कुणाबद्दल बोलतंय ते बघायला शिरपानं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

वाघाला फार वाईट वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात त्याहून जास्त आलं. तो म्हणाला, काही झालं तरी शिरपा आपला मित्र आहे. कोल्हा म्हणाला, म्हणूनच तर. अनोळखी कुणाचं काही खाऊ नये असं आपल्याला लहानपणी शिकवलंय.

शिरपानं ताक खाली ठेवलं. त्याचं डोकं जागेवर होतं. तो म्हणाला, "खा की, दादा. फक्त परत गाडी कोण आणणार तेवढं ठरवा."

वाघाला हत्ती आठवला. त्यानं पंजा मागं घेतला.

"मी आणतो," लांडगा म्हणाला. "मी कुठं प्यायलोय?" आणि त्यानं गळ्याला नॅपकिन बांधला.

आता शिरपाचा जीव लांडग्याच्या त्या अर्ध्या ग्लासात अडकला होता.

पण शिरपा पंगतीत वाढणाऱ्यांच्या घराण्यातला. त्याच्या आजोबांच्या आग्रहानं व्याही आडवे झाले होते. तो उठला, त्यानं भरलेला जग उचलला आणि सगळ्यांना सांगितलं की मित्रांच्या कामी येतोय, याहून मोठं भाग्य नाही. पण माझ्या शेवटच्या पंगतीला कुणी कोरडं राहायचं नाही.

"लांडगेभाऊ, एक घोट. माझ्या नावानं."

"नको रे, पित्त आहे."

"मरणाऱ्याचा शब्द मोडता?"

लांडग्यानं घेतला. मग एक आईच्या नावानं झाला. एक वाघाच्या नावानं झाला, त्याला नाही म्हणायची कुणाची छाती? मग शिरपा हळूच पुटपुटला की जाऊ दे, झेपत नसेल तर राहू दे, आमच्याकडं करडंसुद्धा एवढं घेतात. त्यावर लांडग्यानं अख्खा जग तोंडाला लावला.

थोड्या वेळानं लांडगा ओंडक्याला वहिनी म्हणू लागला. वाघ आणि कोल्हा तर एव्हाना घोरत होते. शिरपानं तिघांना जीपमध्ये भरलं आणि गाडी हाणली. हत्तीनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. ताकाचा आला. जाऊ दिलं.

पण बाळांनो, नशा उतरते, भूक उतरत नाही. उन्हं कलली, आपलं जंगल दिसू लागलं आणि वाघ जागा झाला. पोटात खड्डा पडलेला. घाट संपलेला. ड्रायव्हरचं कामही संपत आलेलं.

"शिरपा," तो गोड आवाजात म्हणाला, "गाडी जरा बाजूला घे."

शिरपानं ब्रेकवर पाय ठेवला नाही. "दादा, पुन्हा भूक लागली? तीन स्टेक खाल्लेत की तुम्ही."

वाघाला काही आठवेना. पण आठवत नाही असं म्हणणं वाघाला शोभत नाही. तो खाकरला. "हो, हो. मऊ होता."

"मऊ कसला?" मागून कोल्हा उठला. "चिवट होता."

लांडगा म्हणाला, चिवट तुझा असेल, तू जास्त भाजायला सांगितलास. माझा आतून कसा लालभडक होता. मग तिघांची अशी जुंपली की शिरपा आपल्या दारात उतरला, किल्ली वाघाच्या पंजात ठेवली आणि घरात जाऊन आतून कडी लावली, तरी कुणाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी तिघांनी अस्वलाच्या हॉटेलला पाच-पाच तारे दिले. वाघानं लिहिलं, असा स्टेक मी जन्मात खाल्ला नव्हता.

तात्पर्य: दारू फार वाईट. म्हणून ती स्वतः पिऊ नये, मित्रांना आग्रह करकरून पाजावी.

शप्पथ घेतलीच आहे, तर एक सांगून टाकतो. बोलणारा वाघ, वास घेणारा हत्ती, सगळं खरं. मी पदरचं घातलं ते एवढंच, की स्टेक संपला होता. संपला नव्हता. भरपूर होता. पण मुलांच्या गोष्टीत वाघाला मित्र खायला काहीतरी कारण द्यावं लागतं.