राखीव कोपरा

"कांदा घातलाय का यात?" बाबांनी विचारलं.

"नाही साहेब. तुम्ही फोनवर बजावलं होतंत ना."

"मग चव का लागत नाहीये?"

केटररने हातातला डाव खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं तो लोकांच्या लग्नांत जेवणं वाढत होता. रुसलेले व्याही, भांडखोर मामा, ताट हातात धरून फोटो काढणारे पाहुणे, सगळे त्याने पचवले होते. पण कांदा नको आणि कांद्याची चव हवी, असं सांगणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. त्याने मदतीसाठी आईकडे पाहिलं. आईने हा प्रश्न एकोणचाळीस वर्षं ऐकला होता. ती वरच्या पंख्याची पाती मोजत होती.

केटररकडे चव बघायला आलेल्या तिघांत लेक मात्र यादी घेऊन बसली होती. लग्न तिचं होतं, आणि त्यानंतरच्या स्वागत समारंभाच्या जेवणाची जबाबदारी तिने हौसेने अंगावर घेतली होती. खरं तर बाबांनी आधीच तोडगा सुचवला होता. "माझ्यापायी कुणाला त्रास नको. मी आपला घरून डबा घेऊन येतो."

"लेकीच्या लग्नात बाप कोपऱ्यात डबा उघडून बसणार?" आई म्हणाली होती. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"शेण नको," बाबा म्हणाले होते. "मला तेही चालत नाही."

म्हणून मग लेकीने ठरवलं, की जेवणच असं करायचं, जे बाबांना चालेल. केटररच्या यादीत साठ पदार्थ होते. टोमॅटोच्या बियांनी नऊ बाद केले. मश्रूमने, "हे झाडही नाही आणि प्राणीही नाही," म्हणून पाच बाद केले. जे जे एकत्र कालवलेलं होतं, ते सगळं एका फटक्यात गेलं. उरले अकरा पदार्थ. त्यांतलं एक पाणी होतं, एक मीठ होतं, आणि एक व्हॅनिला आइस्क्रीम. वर काही न घातलेलं.

यात बाबांचा स्वभाव थोडा होता आणि नोकरी बरीच. ते जमीन मोजणीच्या कचेरीत आरेखक होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी आखल्या. वीतभर भिंतीवरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, की शेवटी बाबांच्या पेन्सिलीची रेघच प्रमाण मानली जायची. ती शिस्त निवृत्तीनंतर ताटात उतरली होती. दह्याने भाताच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. वाटाणे हे फिरस्ते, त्यांना बटाट्याच्या पलीकडे रोखून धरायचं. रस्सा म्हणजे तर पूरच. दोन पदार्थ एकमेकांना लागले, की बाबा चमचा खाली ठेवून त्या जागेकडे असे बघत, जणू अतिक्रमणाचा पंचनामा करायचाय.

"साहेब, तुम्ही असं करा," केटरर हात जोडून म्हणाला, "तुमचं ताट कसं हवं ते एकदा कागदावर सांगून टाका. एक ताट मी स्वतः वाढीन."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपण कुणाला कागद देतोय ते! बाबांनी खिशातून पेन्सिल काढली, शर्टाच्या आतल्या खिशातून चपटी पट्टी काढली, समोरचं ताट कागदावर पालथं घालून गोल आखला आणि वीस मिनिटं मान वर केली नाही. बटाटा वायव्येला. वाटाणे आग्नेयेला, म्हणजे दोघांची गाठ पडायला नको. मध्ये भात, चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडून. पावाचे दोन तुकडे, एकमेकांना पाठ करून. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, तिच्यात 'प्रमाण १:१', तारीख आणि सही. ताटाच्या डाव्या अंगाला मात्र एक छोटा चौकोन त्यांनी रिकामा ठेवला आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'राखीव'.

"इथं काय वाढू?" केटररने विचारलं.

"काही नाही."

एवढ्यात लेकीच्या ताटलीत उकडलेलं गाजर आलं. ती कागदांत गुंतली होती. तिने न बघताच काट्याने ते गाजर उचललं आणि शेजारच्या बाबांच्या ताटलीत डाव्या बाजूला ठेवलं. बाबांनीही न बघताच ते तोंडात टाकलं आणि वर ते अर्धा पेला पाणी प्यायले.

केटररने बाबांनी दिलेली वर्ज्य पदार्थांची यादी पुन्हा वाचली. "साहेब, इथं तर तुम्ही लिहिलंय, 'उकडलेलं गाजर वर्ज्य. कारण विचारू नये.'"

"मग विचारता कशाला?" बाबा म्हणाले.

घरी परतताना ते खुशीत होते. "माणूस चांगला आहे," ते म्हणाले. "बटाटा नीट उकडतो. संपादकबाई, तुमचं लग्न पार पडणार." लेक वर्तमानपत्रात काम करायची म्हणून तिला ते संपादकबाई म्हणत. ती पडताळणीच्या टेबलावर होती, संपादक नव्हती, पण बाबांनी पहिल्या दिवसापासून बढती देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेन्सिलीला टोक करत बसले. आई चहाला हाक मारायला गेली, तेव्हा टोक करून झालेलं होतं. टरफलं एका कागदावर नीट गोळा केलेली होती. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

लोकांना कळवण्याचं काम आईने केलं, आत्याने केलं, होणाऱ्या नवऱ्याने केलं. लेकीने बाकी सगळं केलं. कपाट आवरलं, पेन्शनचे अर्ज भरले, येणाऱ्यांना पाणी दिलं. फक्त ते एक वाक्य तिच्या तोंडून निघेना. गंमत म्हणजे वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांचं पान तिच्याकडेच होतं. 'दुःखद निधन' दिसलं की ती 'दुःखद' काढून टाकायची. निधन सुखद असल्याचं कुणी कळवल्याचं तिला आठवत नव्हतं. बाबांची बातमी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने लिहिली आणि भीत भीत तिच्यापुढे ठेवली. तिने एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि कागद परत दिला. 'दुःखद' तसंच राहू दिलं.

समारंभ चार महिने पुढे गेला. नवऱ्यामुलाने सभागृहाला कळवलं, सभागृहाने केटररला नवी तारीख कळवली. घरची अडचण आहे, एवढंच सांगितलं. आणि एके सकाळी लेकीला केटररचा फोन आला.

"मॅडम, साहेबांचं ताट त्या नकाशाप्रमाणेच ना? काही फेरबदल?"

इथे एक वाक्य पुरलं असतं. "नाही," ती म्हणाली. "तसंच."

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "नमुन्याचं ताट करून ठेवलंय. साहेबांना पाठवता का बघायला?"

"ते... नाहीयेत इथं."

"बाहेरगावी गेलेत?"

ती काही बोलली नाही. केटररने तो होकार समजला.

"मग फोन नंबर द्या त्यांचा. दोन मिनिटं बोलतो."

"ते फोन नेत नाहीत बरोबर."

"सुखी माणूस!" केटरर मनापासून म्हणाला. "समारंभाला पोचतील ना पण?"

तेवढ्यात आपल्याला कुणीतरी बोलावतंय असं तिने सांगितलं. कुणी बोलावत नव्हतं.

एक खोटं बोललं की त्याला सोबतीला दुसरं लागतं. तिसऱ्या फोनला केटरर गंभीर होता. "मॅडम, मी रात्रंदिवस विचार करतोय. दोनशे चाळीस लोकांत एकट्या साहेबांचं ताट वेगळं दिसलं, तर त्यांना कानकोंडं होईल. माझे वडील पथ्यावर होते. पंगतीत लोक त्यांच्या ताटात डोकवायचे, मग ते जेवायलाच यायचे नाहीत. शेवटची दोन वर्षं त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन जेवण केलं." मग तो मुद्द्यावर आला. "मी म्हणतो, सगळ्यांनाच साहेबांच्या नकाशाप्रमाणे वाढू? मग त्यांचं वेगळं राहणारच नाही."

आता तर सांगायलाच हवं होतं. तिने तोंडही उघडलं.

"चालेल," ती म्हणाली.

समारंभाच्या दिवशी सभागृहात दोनशे चाळीस माणसं टेबलांशी बसली आणि दोनशे चाळीस ताटं आली. वाढणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात नकाशाची प्रत होती. बटाटा वायव्येला, वाटाणे आग्नेयेला, भाताभोवती बोटभर मोकळं रान. नवऱ्यामुलाच्या आईने आधीच हट्ट धरला होता, की जेवणात काही रंग तरी हवा. म्हणून केटररने नाइलाजाने टेबलांवर मधोमध उकडलेल्या गाजरांचा एकेक वाडगा ठेवला होता. ज्याला हवं त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावं.

मग कुजबुज झाली.

"वाटाण्यांना कुंपण घातलंय का हो?"

"भाताला लावून घेतलं तर दंड पडेल काय?" नवऱ्यामुलाचे वडील म्हणाले आणि मोठ्याने हसले.

आत्या तर वाढणाऱ्याचा हात धरूनच बसली. "अहो, इथं डावीकडे काय वाढायचं राहिलं? जागा रिकामी आहे."

"ती राखीव आहे, बाई."

"कुणासाठी?"

"नकाशात लिहिलेलं नाही."

"नकाशा? जेवायचा? बघू." तिने त्याच्या खिशातून कागद ओढून काढला, चष्मा वर केला, खाली केला. खालच्या चौकटीतल्या सहीवर तिचं बोट थांबलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हे आमच्या दादाचं ताट आहे."

बातमी टेबलावरून टेबलावर सरकत गेली. हसणं थांबलं. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी भाताच्या हद्दीत शिरलेला एक वाटाणा चमच्याने हळूच परत जागी नेऊन ठेवला. लोक असे जपून जेवू लागले, जणू काही सांडलं तर कुणाला तरी लागेल. आई मान खाली घालून जेवत होती. एकोणचाळीस वर्षं ज्या ताटावर ती वैतागली होती, ते तिने कधी स्वतः खाऊन पाहिलं नव्हतं. "बरं लागतंय की," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

पण एका माणसापर्यंत बातमी पोचलीच नव्हती. केटरर पांढराशुभ्र कोट घालून स्वयंपाकघरातून आला. लेकीच्या डाव्या हाताला त्याने एक खुर्ची रिकामी ठेवायला लावली होती. तिच्यापुढे त्याने स्वतः आणलेलं ताट ठेवलं आणि जरा मागे सरून तिरक्या मानेने पाहिलं.

"मॅडम, साहेब कुठायत? बटाटा निवेल."

तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"आणि लोक त्या राखीव जागेवरून माझा जीव खातायत. मी म्हटलं, साहेब आले की विचारू. कुठपर्यंत पोचलेत?"

नवरा मध्ये बोलायला गेला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाबा गेले," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "चव बघायला आलो होतो ना तुमच्याकडे, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

केटरर उभाच राहिला. तो एकेक फोन आठवत असावा. "आणि मी म्हणालो, सुखी माणूस."

"हो."

"मॅडम, तुम्ही सांगितलं असतंत..."

"सांगता आलं नाही."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. ताटाकडे पाहिलं. "उचलू?"

"राहू दे."

इतका वेळ काय करावं ते न सुचलेल्या नवऱ्याने, बायकोने काहीतरी खावं म्हणून, वाडग्यातलं एक गाजर उचलून तिच्या ताटात वाढलं. बिचाऱ्याला अजून माहीत नव्हतं.

ती सात वर्षांची असताना गाजरावरून घरात रडारड व्हायची. एकदा बाबांनी आपल्या ताटाची डावी बाजू रिकामी केली आणि म्हणाले, "आण इकडे. मला फार आवडतं." तेव्हापासून ती जागा रिकामीच असायची. नऊ वर्षांची असताना तिने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, की बाबा गाजर पाण्याबरोबर गिळतात, औषधाची गोळी गिळावी तसं, डोळे घट्ट मिटून. आई म्हणत होती, "वासही सहन होत नाही तुम्हाला, मग कशाला खाता?" बाबा म्हणाले होते, "हळू बोल. ती ऐकेल." तिने ऐकलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाजर उचलून त्यांच्या ताटात ठेवलं होतं. त्यानंतर तेवीस वर्षं.

तिने काटा घेतला. गाजर उचललं आणि शेजारच्या ताटातल्या रिकाम्या चौकोनात, कुठल्याच हद्दीला लागणार नाही असं, बरोबर मधोमध ठेवलं. आत्या बघत होती, केटरर बघत होता, नवरा बघत होता. त्यांच्यासमोर, नेहमीच्या आवाजात, ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"तुम्हाला गाजर आवडत नाही, मला माहीत होतं, बाबा. मला तेव्हापासून माहीत होतं."