बॉनेटवरचा हिरवा डाग

"लिहून घ्या, भाऊजी. 'घारीची नजर, कोल्ह्याचं डोकं आणि सिंहाची छाती एकाच देहात पाहायची असेल, तर मला पाहावं.' झालं?"

"छाती कोणाची म्हणालात?"

"सिंहाची."

मी लिहिलं. सिंहाला जिना चढताना दम लागतो की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या या मेव्हण्याला लागतो. घारीची नजर कपाळावर चष्मा ठेवून तोच चष्मा घरभर शोधते. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो गुप्तहेर झाला आहे. खिशात कायम भिंग असतं, म्हणून घरात सगळे त्याला भिंगराव म्हणतात. तो ती पदवी समजतो. गुप्तहेराला एक सहायक लागतो, ज्याला फारसं कळत नाही आणि जो कळलेलंही बोलत नाही. मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. त्याला मी आयताच सापडलो.

प्रकरण आमच्या गाडीचं. गाडी जुनी, काळी, आणि विझलेल्या निखाऱ्याइतकी तेजस्वी. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोची हॉस्पिटलमधली शेवटची ड्युटी होती. सिस्टर म्हणून सारी वर्षं तिनं बसनं ये-जा केली. शेवटच्या दिवशी मी फाटकाशी गाडी घेऊन यावं, एवढीच तिची इच्छा. अटही एकच.

"घासूनपुसून आणा हं. ही अशी फाटकात उभी राहिली, तर पेशंटच्या नातेवाइकांना वाटेल शववाहिका आली."

म्हणून मी सकाळी गाडी साबणानं धुतली, घासायच्या पॉलिशची डबी आणली आणि जुन्या बनियनचे तुकडे केले. डबीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचली, कारण माझ्या पहिल्या वाचनावर माझा विश्वास नसतो. तळहाताएवढी जागा घ्यावी, हलक्या हातानं गोल गोल घासावं, वाळायच्या आत पुसून काढावं. मी बॉनेटच्या एका कोपऱ्यात सुरुवात केली. फडकं काळंकुट्ट झालं. दुसरं घेतलं, तेही झालं. तिसऱ्यानं पुसलं आणि खालून बशीएवढा चकचकीत डाग वर आला.

गर्द हिरवा. त्यात माझा चेहरा दिसत होता. घाबरलेला.

माझ्या मनात एक शंका आली. पण शंका मला लहानपणापासून येतात, म्हणून मी त्यांना बसायला सांगत नाही. मी घासत राहिलो. अर्धं बॉनेट हिरवं झालं, तेव्हा मागून आवाज आला.

"हात वर!"

मी हात वर केले. पॉलिश बाहीत ओघळलं.

भिंगरावांनी भिंग लावून बॉनेट पाहिलं, मग हुंगलं. "पेट्रोलचा वास येतोय."

"गाडी आहे ना."

"मध्ये बोलू नका. सरळ आहे, भाऊजी. ही गाडी चोरीची. मूळची हिरवी, चोरानं काळी केली."

"पण ही आपण दुकानातून नवी घेतली होती."

"तेच म्हणतो. तुम्ही दिसता तेवढे साधे नाही."

मला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात समोरचे दातांचे डॉक्टर पिशवी घेऊन चालले होते, ते थांबले. "काय, रंग बदलताय वाटतं?"

ते पुढे जाईपर्यंत भिंगरावांनी श्वास रोखला. "ऐकलंत? त्याला कसं कळलं?"

"दिसतंय की."

"दिसतंय, पण फक्त त्यालाच खटकलं! आलं लक्षात. यानं आपली गाडी पळवून स्वतःची इथे ठेवली."

"त्यांची तर पांढरी आहे."

"पांढरी केली! पक्का आहे." एवढ्यावर थांबेल तर तो गुप्तहेर कसला. बॉनेट हिरवं आणि दार काळं, या बिनतोड पुराव्यावरून त्यानं असंही ठरवलं, की ही मुळात एक गाडीच नव्हे, दोन गाड्यांचे अर्धे अर्धे भाग जोडले आहेत. मग घरात जाऊन त्यानं पांढरी चिकटपट्टी आणली आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडीला पट्ट्या मारल्या. गाडी अपघातातून वाचल्यासारखी दिसू लागली.

"आता पुराव्याला हात लावायचा नाही."

"पण उद्या हिला आणायला जायचंय. उरलेली घासायची कधी?"

"तपास संपल्यावर."

"तो कधी संपेल?"

"तपासाला घाई चालत नाही. ताईला म्हणावं, उद्याही बसनं ये. इतकी वर्षं आली, एका दिवसानं काय बिघडतंय?"

खरं तर इथे मी पट्टी ओढून काढायला हवी होती. पुस्तकातल्या माणसांनी काढली असती. मी पायरीवर बसून फडकी धुतली.

दुपारी बायको ड्युटीवरून आली. फाटकातच थबकली. "माझी बँडेजची पट्टी कोणी घेतली?"

"ताई, मन घट्ट कर," भिंगराव म्हणाले. "ही गाडी तुमची नाही. आतून हिरवी निघाली."

तिनं पर्स माझ्या हातात दिली, डिकीवरची पट्टी फर्रकन ओढली, डिकी उघडली आणि कडेचं रबर बोटानं उचललं. खाली पत्रा हिरवागार होता. नवा असल्यासारखा.

"आतूनबाहेरून हिरवीच आहे. रंग मी निवडला होता."

"मग ती काळी कोणी केली?"

"तू."

भिंगरावांचं भिंग डोळ्यापासून खाली आलं.

"चमक येते म्हणून गाडीभर जळकं ऑइल चोपडायचास ना? दर सुट्टीला, मी नको नको म्हणत असताना. त्यावर धूळ, त्यावर ऊन, वर पुन्हा तुझं ऑइल. लोक काळी म्हणायला लागले, आपणही म्हणायला लागलो."

त्यानं भिंग पुसून खिशात ठेवलं. मग भिंगराव गंभीरपणे म्हणाले, "गुन्हेगार फार कसलेला होता. मागे एकही धागा ठेवला नाही."

"हे धर." तिनं बनियनचा तुकडा त्याच्या हातात कोंबला. "गोल गोल. दाबू नकोस. आणि दार झाल्याशिवाय चहा मिळणार नाही."

संध्याकाळपर्यंत आणि सकाळी उठून पुन्हा, आम्ही दोघांनी गाडी घासली. सिंहाची छाती दोनदा पायरीवर टेकली, पण डिकीपर्यंत पोचली.

दुपारी ड्युटी सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभा होतो. बायको बाहेर आली, मागे सगळ्या सिस्टर. "अगंबाई, नवी गाडी!" कोणीतरी म्हणालं. बॉनेटमध्ये पाहून बायकोनं केस नीट केले, सगळ्यांच्या देखत, सावकाश. मागच्या सीटवरून कोपरापर्यंत काळे हात बाहेर काढून भिंगराव जमलेल्यांना सांगत होते, "प्रकरण अवघड होतं. पण मी सोडवलं."

ती माझ्या शेजारी बसली. "खरं सांगा, तुम्हाला आठवत होतं ना हिरवी होती ते?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ते इतक्या खात्रीनं सांगत होते. मला माझीच खात्री वाटेना."

"आणि आता?"

मी काचेतून बॉनेटकडे नीट पाहिलं. दुपारचं ऊन त्यावर लखलखत होतं.

"हिरवी असावी," मी म्हणालो.